रात्रीचं उठणं आणि बीपीच्या गोळ्या

डहाणूजवळ नरपडला चिकूच्या वाडीत आमचं घर. आबा, म्हणजे माझे सासरे, ऐंशीच्या घरात आहेत आणि सासूबाई त्यांच्याहून थोड्या लहान. दोघांनाही बीपी आहे आणि दोघांच्या गोळ्या मीच काढून देते. रात्री चार-चारदा लघवीला उठणं म्हणजे म्हातारपणच, असं आमच्याकडे सगळेच धरून चालत. वयाचा भाग त्यात असतो. पण बराचसा भाग गोळीच्या वेळेचा, पायांच्या सुजेचा आणि ताटातल्या मिठाचा असतो, आणि त्याला इलाज आहे.

१. आधी मोजायचं, मग डॉक्टरांकडे जायचं. "रात्री फार उठावं लागतं" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार? मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि तीन दिवस वहीत लिहिलं: किती वाजता झाली, किती झाली, काय प्यायले, कोणती गोळी कधी घेतली. सकाळी उठल्या उठल्या होते ती लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल, तर शरीर दिवसाचं पाणी रात्री बाहेर टाकतंय असं समजायचं. आबांचं तसंच होतं. दर वेळी थोडीथोडीच होत असेल तर मात्र प्रोस्टेट, मूत्राशय, जंतुसंसर्ग यांचा तपास लागतो. साखरही तपासून घ्यावी. घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही बीपी वाढतं आणि रात्रीची लघवीही.

२. कोणती गोळी कशाची, हे घरातल्या एकाला तरी पाठ हवं. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. बऱ्याचदा त्या जोडगोळीत, म्हणजे दोन औषधांच्या एकाच गोळीत असतात. नावापुढे 'एच' असेल तर केमिस्टला विचारा, बहुतेक वेळा तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा असतो. सासूबाई सगळ्या गोळ्या रात्री जेवणानंतर एकदम घ्यायच्या, म्हणजे विसरायला नको. त्यांच्या जोडगोळीतही 'एच' होता. डॉक्टरांनी ती सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायला सांगितली आणि त्यांच्या रात्री पुष्कळ शांत झाल्या. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास राहतो, म्हणून तिचा दुसरा डोस असला तर तो दुपारी घेतात.

बीपीची गोळी रात्रीच घेतली तर हृदयाला जास्त फायदा, असं मधल्या काळात बरंच ऐकू यायचं. ब्रिटनमध्ये 21 हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या बाबतीत सकाळच्या आणि रात्रीच्या गोळीत फरक आढळला नाही. त्यामुळे "ही सकाळी दिली तर चालेल का?" असं डॉक्टरांना बिनदिक्कत विचारावं. वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नये.

३. संध्याकाळी पाय पाहायचे. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायचा आणि सोडायचा. खळगा तसाच राहिला तर पायात पाणी उतरलंय. आबांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ रात्रीपर्यंत जात नसे. ते घेत होते ती अ‍ॅम्लोडिपिन, बीपीसाठी सर्रास दिली जाणारी चांगली गोळी. पण काहींच्या घोट्यांना तिने सूज येते. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी माणूस आडवा झाला की पुन्हा रक्तात येतं, मूत्रपिंडं ते गाळतात आणि मध्यरात्री उठावं लागतं. अशा सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही, म्हणून एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. आबांचा डोस त्यांनी कमी केला आणि जोडीला दुसरी गोळी दिली. दुपारी पडवीतल्या बाजेवर पायाखाली दोन उशा घेऊन आबा तासभर पडतात. पाण्याला वाट दिवसाच मिळते. सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, म्हणून ती गोळीचीच आहे असं आपणच ठरवू नये.

४. मीठ. इथे आमची खरी कसोटी लागली. सुका बोंबील, जवळा, खारवलेली मासळी, वर पापड आणि लोणचं. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की ताटात हेच. आबा म्हणाले, "सून, गोळ्या वाढव पायजे तर, पण सुकं बंद नको करू." बंद केलं नाही. सुकी मासळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा फेकते, कालवणात वरून मीठ घालत नाही, आणि सुकं करायचं ते दुपारीच. पापड-लोणचं रात्रीच्या ताटातून गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच. जपानमधल्या नागासाकीच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये मांडलं होतं की ज्यांनी मीठ 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी 2.3 वरून 1.4 वर आलं. मासळी आणि सोया सॉस खाणाऱ्या लोकांना जमलं ते आपल्यालाही जमेल.

५. पाणी तोडू देऊ नका. म्हातारी माणसं उठायला नको म्हणून दुपारपासूनच पाणी बंद करतात आणि कोणाला सांगत नाहीत. आमच्याकडच्या दमट उकाड्यात त्याने चक्कर येते, पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ सुरू होते. पाणी दिवसा भरपूर द्यावं, झोपायच्या दोन-तीन तास आधी कमी करावं आणि रात्रीचा चहा बंद करावा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

६. उठताना घाई नको. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताच दाब खाली येतो. आधी कुशीवर वळायचं, मग खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. आमचा संडास परसात. पावसाळ्यात अंगणाला शेवाळ धरतं, त्यात लाईट जाते. म्हणून खाटेशेजारी झाकणाचं भांडं ठेवलं आणि उशाशी टॉर्च. आबांना सुरुवातीला संकोच वाटला. सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, "कंबर मोडून घेण्यापेक्षा हे बरं." नंतर ते काही बोलले नाहीत.

७. लघवीच्या त्रासापायी बीपीची गोळी परस्पर बंद करणारे आसपास खूप दिसतात, आणि मला सगळ्यात काळजी त्यांची वाटते. बंद केल्यावर चार दिवस बरं वाटतं, कारण वाढलेलं बीपी दुखत नाही. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जाताना वही आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून न्यावीत. लघवीत रक्त दिसलं, थंडी-ताप आला किंवा पायांची सूज अचानक वाढली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. लघवी पूर्ण अडली, आडवं होताच दम लागला, किंवा पडून डोक्याला मार बसला, तर रात्र असली तरी 108 ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याचा मार वरून किरकोळ दिसला तरी तपासून घ्यावा, आणि ती गोळी चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगावं.