जुना गाभा, नवा संकलक

विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या झाशीचा वृत्तांत ‘माझा प्रवास’मध्ये लिहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली तो फेरफार करून छापला; मूळ हस्तलिखितानुसारचा पाठ द. वा. पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. जुन्या संहितेपुढे हेच दोन मार्ग असतात. संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, तसेच आहे.

एखाद्या जुन्या राउटरात लिनक्सचा २.६ मालिकेतील कर्नल असतो. त्याचे ड्रायव्हर पुष्कळदा त्याच आवृत्तीपुरते घडविलेले असल्यामुळे नवा कर्नल बसविता येत नाही. परंतु सुरक्षेतील दोष दूर करावयाचा, तर जुनाच पुन्हा संकलित करावा लागतो. येथे आजचे यंत्र अडते. अशा कर्नलांपैकी कित्येक संकलकाच्या क्रमांकाची फाईल शोधतात. २०१५ मधील जीसीसी ५ ची फाईल त्यांत कोठून असणार? त्याच वर्षीच्या पर्ल ५.२२ ने एक जुनी वाक्यरचना त्याज्य ठरविली, आणि काळाचे स्थिरांक काढणारा छोटा कार्यक्रम थांबला.

मग दुरुस्ती कशात करावी? पर्लचा कार्यक्रम आपल्याच यंत्रावर चालतो. त्यातील ‘डिफाइन्ड’ हा एक शब्द गाळल्याने स्थिरांक बदलत नाहीत. संकलकाची गोष्ट निराळी. जीसीसी ४ च्या फाईलला नवे नाव दिल्यास तक्रार थांबेल, पण घडलेला कर्नल उपकरणात नीट चालेलच असे नाही. तेथे त्या काळचा संकलक वेगळा बसवून मूळ पाठ जपणेच श्रेयस्कर होय.