प्रीप्रिंट शोधताना

मी गिरीज गावात घरी बसून आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे करते. एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास शोधायचे, तपासायचे आणि एकत्र मांडायचे. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच संशोधक जे लेख खुले करतात, त्या प्रीप्रिंटनी शिकवलेलं थोडं:

१. प्रीप्रिंट सोडू नका. आयसीएमआरच्या प्लॅसिड चाचणीत ३९ रुग्णालयांतले ४६४ कोरोना रुग्ण होते. आजार बळावला किंवा मृत्यू आला, असे रुग्ण कोरोनातून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. ही माहिती सप्टेंबर २०२०मध्ये मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आली. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून यायला ऑक्टोबर उजाडला. साथीत तेवढे आठवडेही फार असतात.

२. एकाच दारावर थांबू नका. मेडआर्काइव्हच्या शोधपेटीत लांबलचक अटी नीट चालत नाहीत. मी युरोप पीएमसी या शोधसूचीपासून सुरुवात करते. तिथे मेडआर्काइव्ह, बायोआर्काइव्ह, रिसर्च स्क्वेअर असं बरंच एकत्र सापडतं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत प्रामुख्याने अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या मदतीने झालेल्या संशोधनाचीच प्रीप्रिंट असतात. आपल्याकडचं काम तिथे सहज निसटतं.

३. शब्द भरपूर घ्या. छापील लेखांना पबमेडमध्ये विषयाची ठरावीक लेबलं लागतात, प्रीप्रिंटना सहसा नाही. जानेवारी २०२०मधल्या लेखांत ‘कोविड’ शोधून काय मिळणार? ते नाव पडलं ११ फेब्रुवारीला. तोवर ‘२०१९-एनकोव्ह’ चालत होतं.

४. जोड्या लावा. प्रीप्रिंट आणि छापील लेख दोन्ही मोजले, तर तेच रुग्ण दोनदा धरले जातात. मेडआर्काइव्ह छापील लेखाचा दुवा देतं, पण शीर्षक बदललं की तो कधी कधी राहून जातो. अशा वेळी चाचणीचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडतो. भारतात २००९पासून सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे.

५. आवृत्ती आणि तारीख टिपा, शेवटी पुन्हा शोधा. कोरोनासाठी आयव्हरमेक्टिन या औषधावरचं इजिप्तमधलं एक प्रीप्रिंट नोव्हेंबर २०२०मध्ये आलं आणि आकड्यांबद्दल गंभीर शंका आल्यावर जुलै २०२१मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर ते काही आढाव्यांच्या बेरजेत बसलं होतं. म्हणून मी हिशेब दोनदा करते, एकदा प्रीप्रिंट धरून आणि एकदा वगळून. उत्तर बदललं, तर तसं स्पष्ट लिहिते.

६. सापडलेलं गावापर्यंत पोचवा. प्लॅसिडचे आकडे येऊन गेल्यावर, एप्रिल २०२१मध्येही आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्लाझ्मादात्यांसाठी आर्जवं फिरत होती. उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला तो मे महिन्यात. आता कुणी विचारलं, तर मी तीनच गोष्टी सांगते: किती रुग्णांवर पाहिलं, काय आढळलं आणि ते अजून कुणी तपासलंय की नाही.