विजेचे गणित : शेगडी आणि विहिरीवरील मोटार

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात विहिरीवरील वीजपंप मुलांच्या नित्य परिचयाचा असतो. ‘दाब उतरला की मोटारीचे अँपिअर वाढतात’ हे त्यांनी घरी ऐकलेले असते. शाळेत मात्र ‘दाब कमी झाला की प्रवाह कमी होतो’ असा नियम सांगितला जातो. चौकस मुलास ही विसंगती वाटते. तिचा उलगडा करता यावा अशी पाठाची मांडणी पुढे दिली आहे.

नियम : जॉर्ज ओहम याने जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक असताना तारांवर प्रयोग केले व १८२७ साली आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. तारेचे तापमान कायम असता तिच्यातून वाहणारा प्रवाह दाबाच्या प्रमाणात बदलतो. दाबास प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये व रोध ओहममध्ये मोजतात. दाबास प्रवाहाने गुणिले असता शक्ती वॅटमध्ये मिळते.

प्रयोग : ३० ओहमचा, एक वॅट क्षमतेचा रोधक घ्यावा. त्यास दीड व्होल्टचा एक, मग दोन, मग तीन घट ओळीने जोडावेत. प्रवाह अनुक्रमे सुमारे ०.०५, ०.१० व ०.१५ अँपिअर येईल. शक्ती काढून पाहिल्यास ती १ : ४ : ९ या प्रमाणात वाढलेली दिसेल. प्रयोग कोरड्या घटांवरच करावा. घरातील वीजजोडणीस मुलांना हात लावू देऊ नये.

उदाहरण : एक शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम; शक्ती २३० × ५ = १,१५० वॅट. दोन तासांत ती २.३ युनिट वीज घेईल. दाब १८४ व्होल्टवर आला व रोध तोच राहिला, तर प्रवाह ४ अँपिअर व शक्ती ७३६ वॅट होईल. दाब एकपंचमांशाने घटला, पण शक्ती एकतृतीयांशाहून अधिक घटली, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

मोटारीचा भेद : शेगडीत केवळ तारेचा रोध असतो. फिरत्या मोटारीत मात्र पुरवठ्यास विरोध करणारा दाबही निर्माण होतो. म्हणून तेथे दाब भागिले प्रवाह हा वाइंडिंगचा रोध नव्हे. शिवाय पंपास पाणी जवळजवळ तेवढेच उपसावे लागते. ते काम उतरत्या दाबावर करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीहून अधिक होते. अशी मोटार चालू ठेवल्यास ती जळते. तीन फेजच्या मोटारीची शक्तीही नुसत्या दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराने निघत नाही. म्हणून स्टार्टरवरील आकडे या पाठातील उदाहरणांसाठी घेऊ नयेत.

घरचा अनुभव खोटा नाही आणि शाळेतील नियमही खोटा नाही. नियम कोठे लागू पडतो ते पाहिले पाहिजे, एवढे मुलांच्या मनावर ठसवावे.

स्वाध्याय : २३० व्होल्टवर २ अँपिअर घेणाऱ्या इस्त्रीचा रोध व शक्ती काढा. (उत्तर : ११५ ओहम, ४६० वॅट.)