गाणे आणि गाणाऱ्यांचे रुसवे

कवितेच्या तासाला बहुधा कवीचे चरित्र आधी सांगितले जाते आणि कविता मागाहून येते. हा क्रम सोयीचा खरा. परंतु त्यात एक धोका आहे. चरित्रातील एखादे भांडण कानी पडले की गाण्याच्या प्रत्येक ओळीत आपणांस तेच भांडण दिसू लागते. गाणाऱ्यांच्या नात्यांची माहिती गाणे समजण्यास कोठे उपयोगी पडते आणि कोठे आड येते, हे आपल्या परिचयाच्या एका उदाहरणावरून पाहू.

ते उदाहरण मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांचे. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे. वडिलांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला, म्हणून 'संन्याशाची पोरे' या नावाने समाजाने त्यांना दूर लोटले. शुद्धिपत्रासाठी ती पैठणास गेली, असे परंपरा सांगते. हे पैठण व ज्ञानेश्वरांचे जन्मगाव मानले जाणारे आपेगाव १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यातच होते. म्हणून ही कथा आपणांस विशेष जवळची. पुढे एकदा कोणी अपमान केला तेव्हा ज्ञानेश्वर खिन्न होऊन झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे काड्या-कामट्यांचे विणलेले दार. त्या दाराबाहेर उभे राहून धाकट्या बहिणीने भावाची जी विनवणी केली, तीच हे अभंग, अशी आख्यायिका आहे.

आता ही कथा क्षणभर बाजूला ठेवून केवळ अभंग वाचा. त्यांत रुसव्याचे कारण नाही, अपमान करणाऱ्याचे नाव नाही. संत कोणाला म्हणावे, लोकांचे अपराध त्याने कसे सोसावेत, कठोर शब्दांतूनही बोध कसा घ्यावा, हेच त्यांत सांगितले आहे. केवळ स्वतःचा उद्धार करून भागत नाही, जगालाही पार न्यावयाचे आहे, ही आठवणही आहे. म्हणजे अभंगांचा अर्थ कथेवाचून अडत नाही. दार उघडण्याची विनंती आणि ज्ञानेश्वरांना घातलेली आदराची हाक मात्र अभंगांतच आहे. तेवढा प्रसंग गाण्याने स्वतःच आपल्या हाती दिला आहे.

मग कथेने काय मिळते? बोलण्यामागचे वजन मिळते. क्षमेचा उपदेश सुखात वाढलेल्या माणसाने केला असता तर तो कोरडा वाटला असता. येथे उपदेश करणारी मुलगी त्याच निंदेत होरपळलेली आहे. भावाला लागलेला शब्द तिलाही लागलेलाच होता. परंपरेने दिलेल्या जन्मसालांप्रमाणे ती त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. तरीही ती भावाचा कैवार घेऊन लोकांना शिव्या देत नाही. भावालाच त्याच्या थोरवीची जाणीव देते. हे ध्यानात आले की तोच अभंग अधिक खोल वाटतो.

परंतु नात्यांच्या माहितीने फसगतही होते. याचे उदाहरण आपल्याकडील जुन्या संतकथांपेक्षा अलीकडच्या काळात अधिक स्पष्ट सापडते, कारण तेथे गीतकारांचेच खुलासे उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या प्रसिद्ध रॉक मंडळीत जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी हे दोन प्रमुख गीतकार. १९७० मध्ये ही मंडळी फुटली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'टू ऑफ अस' या गाण्यात अनेकांना या दोन मित्रांचा निरोप ऐकू आला. मॅकार्टनीने मात्र पुढे सांगितले की ते गाणे त्याच्या व लिंडाच्या मोटारीतील भटकंतीवरून सुचले. लिंडा ही पुढे त्याची पत्नी झाली. याउलट १९७१ मधील लेननच्या 'हाउ डू यू स्लीप?' या गाण्यात मॅकार्टनीच्या गाण्यांचे उल्लेखच आहेत; तेथे रोख कोणावर आहे, याविषयी शंका उरत नाही. तरी १९८० मध्ये लेनननेच सांगितले की मनातील राग त्याने गाणे रचण्यासाठी वापरला. राग ही माती. तिचे घडविलेले मडके ही निराळी वस्तू.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, क्रम असा ठेवावा. प्रथम गाणे वाचावे आणि त्यात काय आहे ते पाहावे. मग चरित्र वाचावे; पण गाण्यात ज्याची खूण आहे तेवढेच त्यातून घ्यावे. आख्यायिकेला आख्यायिका म्हणावे. गाणाऱ्यांच्या भांडणाची केवळ मौज वाटू लागली, तर आपण गाणे सोडून कुजबुज ऐकत आहोत असे समजावे.

दुष्टांचा नाश नव्हे, तर त्यांचा दुष्टपणा नाहीसा व्हावा, असे मागणे ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागितले. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली. लोकांवर रुसून ताटीआड बसलेला भाऊ आणि हे मागणे मागणारा कवी एकच. या दोहोंमधील अंतर ज्या शब्दांनी ओलांडता येते, ते शब्द मुक्ताबाईंच्या अभंगांत आहेत. ते कोणत्या दिवशी, कोणत्या दारापाशी उच्चारले गेले हे सिद्ध झाले नाही, तरी घरात रुसून बसलेल्या आपल्या भावंडाच्या दाराशी ते आजही उपयोगी पडतील.