प्रोस्टेटची तपासणी : पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

पन्नाशी-साठीतल्या पुरुषाच्या रिपोर्टवर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा ४च्या वर गेला की घरात घबराट होते. मग सुई नको, चिरफाड नको, नुसत्या प्रकाशाने कॅन्सर कळतो, अशी बातमी कुणीतरी पाठवतो. पैसे मोजण्याआधी हे वाचा.

प्रकाशाची तपासणी
अवरक्ताजवळचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. गाठीत रक्तपुरवठा वाढलेला असेल, तर तो फरक टिपायचा, ही यामागची कल्पना. पण प्रकाश शरीरात काही सेंटिमीटरच पोचतो आणि वाटेत विखुरतो. प्रोस्टेट असते मूत्राशयाखाली, गुदाशयाच्या पुढे. म्हणून प्रयोगातही बहुधा गुदद्वारातून नळी घालावी लागते. हे तंत्र अजून संशोधनात आहे, नेहमीच्या तपासणीत नाही. संशोधनात सहभागी व्हायला कुणी सांगितलं, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र मागा. संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात.

आज उपलब्ध असलेल्या तपासण्या
(शहरांतल्या खासगी केंद्रांचे ढोबळ दर)

*पीएसए, ५०० ते १,२०० रुपये.* लघवीचा संसर्ग, नुकताच घातलेला कॅथेटर, आदल्या एक-दोन दिवसांतला वीर्यपात यांनीही आकडा वाढतो. उलट फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल, तर काही महिन्यांत तो जवळपास निम्म्यावर येतो. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. आकडा थोडाच वाढलेला असेल, तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये तपासणी पुन्हा करायची का, हे विचारा. पुढचा मोठा खर्च इथेच टळू शकतो.

*मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय, ८,००० ते २०,००० रुपये.* कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन आणि त्याआधीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी दरात धरलीय का, ते फोनवरच विचारा. रिपोर्टच्या शेवटी ‘पाय-रॅड्स’ असा १ ते ५ मधला आकडा असतो. ४ किंवा ५ म्हणजे संशय दाट. ब्रिटनमधल्या २०१७च्या ‘प्रॉमिस’ अभ्यासानुसार, आधी एमआरआय केल्यास सुमारे २७ टक्के पुरुषांची बायोप्सी टळू शकते. क्रम उलटा केला, तर बायोप्सीच्या रक्तस्रावामुळे प्रतिमा काही आठवडे गढूळ येते.

*बायोप्सी, १५,००० ते ५०,००० रुपये.* कॅन्सरवर शिक्कामोर्तब हीच करते. भूल, अँटिबायोटिक आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी घ्या. एमआरआयची प्रतिमा जुळवून सुई नेणारी ‘फ्यूजन’ पद्धत महाग पडते.

*पीएसएमए पेट-सीटी, १८,००० ते ३०,००० रुपये.* निदान झाल्यावर आजार कुठवर पसरलाय, हे पाहण्यासाठी ती प्रामुख्याने असते. बायोप्सीआधीच सुचवली, तर कारण विचारा.

बिल आणि क्लेम
बऱ्याच विमा पॉलिसी ओपीडीतल्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत. पण त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावं लागलं, तर आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मिळतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिलं आणि सीडी जपून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला खर्च करण्याआधी भेटा. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत आरोग्यविम्याच्या करवजावटीच्या एकूण मर्यादेत धरता येतात, रोखीने भरले असले तरी.

लघवीतून रक्त येत असेल किंवा लघवी अडली असेल, तर दरांची तुलना करत बसू नका. आधी यूरोलॉजिस्ट गाठा.