भरतकामाची स्पर्धा आणि शाळेतील पूर्वतयारी

केंद्र किंवा तालुका पातळीवर विद्यार्थ्यांच्या हस्तभरतकामाची स्पर्धा जाहीर झाली, की पुष्कळ शाळांतून पहिला प्रश्न येतो तो 'नग किती पाठवावयाचे?' हा. मुलांना टाका कोणी व केव्हा शिकवावयाचा, हा प्रश्न मागाहून येतो; कित्येकदा येतच नाही. मग अखेरच्या आठवड्यात एखाद्या हुशार मुलीच्या घरी कापड पाठविले जाते आणि तिची आई, मावशी, क्वचित शाळेतील बाईच, रात्री बसून ते पुरे करतात. अशा वस्तू दिसावयास सुरेख असतात व त्यांना बक्षिसेही मिळतात. परंतु जिने दुपारच्या सुटीत ओसरीवर बसून आपल्या हाताने फूल भरलेले असते, तिचा रुमाल त्यांच्या शेजारी केविलवाणा दिसतो, आणि पुढील वर्षी ती सुई हाती धरीत नाही. स्पर्धेस जे जावयाचे ते मुलाच्याच हातचे असावे, यासाठी शाळेत काय करता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी असावा, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. दोहोंतही काम मुलाने करावयाचे आहे, हे ध्यानी घ्यावे.

तयारीस निदान सहा आठवडे हवेत. पैकी पहिले दोन आठवडे स्पर्धेचे कापड मुलांच्या हाती देऊच नये. प्रत्येकास जुन्या धुतलेल्या मांजरपाटाचा वीतभर चौकोन द्यावा. नवे कापड गुळगुळीत असते व सुई सरकते; मांजरपाट किंवा जाडसर खादी यांचे उभे-आडवे धागे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे टाक्याची लांबी मुलाला मोजता येते. बाजारात 'रेशीम' म्हणून मागितली जाणारी लडी बहुधा सहा पदरी सुती दोऱ्याची असते. सहाही पदर एकदम नेढ्यात ओवण्याचा हट्ट मुले धरतात. त्यांतील दोन किंवा तीनच पदर सोडवून घ्यावयास शिकवावे. पदर एकेक करून ओढावा आणि मग जुळवावा, म्हणजे गुंता होत नाही. दोरा हातभर लांबीचा पुरे. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते, असे मुलांना वाटते. पण तो वारंवार कापडातून जाऊन पिंजतो, त्याला पीळ पडतो व गाठी होतात.

सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. हे लिहावयास नको, असे काहींना वाटेल. परंतु सतरंजीत हरवलेली एक सुई साऱ्या वर्गाचा उत्साह घालविते. काम दाराजवळ किंवा व्हरांड्यात, दिवसाच्या उजेडात करावे. संध्याकाळी घरी अपुऱ्या उजेडात पूर्ण करण्यास देऊ नये. त्याने डोळे शिणतात आणि काम दुसऱ्याच्या हाती जाण्याची वाटही तेथूनच सुरू होते.

टाके शिकविताना क्रम महत्त्वाचा आहे. धावदोरा मुलांनी घरच्या गोधडीवर पाहिलेला असतो. तेथूनच आरंभ करावा. त्यानंतर उलटी टीप, मग साखळी टाका, मग देठाचा टाका. एवढ्या चार टाक्यांत तिसरी-चौथीच्या मुलाला वेल, पक्षी, नांगर, बैलगाडी, काय हवे ते काढता येते. भरीव टाक्याची घाई करू नये. परीक्षकांवर छाप पडावी म्हणून मोठमोठ्या पाकळ्या भरीव टाक्याने भरविल्या जातात. लांब धागे सैल पडतात, कापडास चुण्या येतात, आणि मूल कंटाळते. काजाचा टाका मात्र अवश्य शिकवावा. तो शिकविण्यास गावच्या शिंपीदादांना अर्धा तास बोलवावे. त्यांचा हात पाहिल्यावर 'हे मुलींचे काम' असे म्हणणारी मुले आपोआप पुढे सरकतात. काश्मीरची सोजनी कशिदाकारी पारंपरिकरीत्या पुरुष करीत आले आहेत आणि जरदोजीच्या कारखान्यांतही पुरुष कारागीर मोठ्या संख्येने असतात. स्पर्धेची सूचना केवळ मुलींच्या वर्गात वाचून दाखविण्याची पद्धत काही शाळांत आहे. ती बंद करावी.

नक्षी मुलाचीच असावी. बाजारी छापील नक्षी मिळते, पण त्यात मुलाचे काही नसते. ठिपक्यांची रांगोळी हा आपल्याकडचा उत्तम आधार आहे. ठिपके मोजून रेघ ओढणारी मुलगी धागे मोजून टाका सहज घालू लागते. नक्षी कापडावर उतरविण्यास जुनी रीत स्वस्त पडते : कागदावर चित्र काढून रेषेवर टाचणीने भोके पाडावीत, कागद कापडावर ठेवून नीळ कालवलेल्या घासलेटाचा बोळा वरून हलकेच फिरवावा. घासलेट शिक्षकांनी स्वतः हाताळावे. ते न मिळाल्यास कार्बन कागदही चालतो.

आता कापडाच्या मागच्या बाजूविषयी. कर्नाटकातील कसुती इरकली लुगड्यांच्या पदरांवर आपल्या सीमाभागातील पुष्कळांनी पाहिली असेल. तीत नक्षी छापीत नाहीत. कापडाचे धागे मोजून तुळशीवृंदावन, गोपुर, रथ, हत्ती अशा आकृती उठवितात. दोऱ्यास गाठ मारीत नाहीत आणि तिच्यातील गवंती व मुरगी हे टाके कापडाच्या दोन्ही अंगांस सारखेच दिसतात. हिमाचलातील चंबा रुमालही दोन्ही बाजूंनी सारखा भरलेला असतो. हे नमुने मुलांना चित्रांतून दाखवावेत, तशी अपेक्षा मात्र धरू नये. आपल्या मुलाने दोऱ्याचे टोक मागील टाक्यांखालून दोन-तीनदा ओवून संपविले, एका फुलावरून दुसऱ्या दूरच्या फुलावर दोरा ओढत नेला नाही, एवढे पुरे. पहिल्या वर्षी मागे गाठी दिसणारच, आणि त्या दिसाव्यात. परीक्षकाला मुलाचा हात ओळखता येतो तो तेथे. पुढून सुबक, मागून सुबक आणि वय वर्षे नऊ, असा रुमाल आला तर परीक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा.

एका केंद्रावर मी तो प्रश्न विचारताना पाहिला. उत्तम रुमाल आणलेल्या मुलीस परीक्षक बाईंनी प्रेमाने सुई देऊन 'बाळ, यातले एक पान भरून दाखव' असे म्हटले. मुलीने सुई घेतली, दोऱ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. ती रडली नाही, बोललीही नाही. बरोबरचे गुरुजी खिडकीबाहेर पाहत उभे होते. दोष मोठ्यांचा होता आणि मान त्या मुलीची खाली गेली. असा प्रसंग मुलावर येऊ नये म्हणून स्पर्धेच्या जागी प्रत्येकाकडून अर्धा तास चिंधीवर नमुना टाके घालून घ्यावेत व ती चिंधी रुमालास जोडावी, अशी व्यवस्था संयोजकांनी करावी. ही अट आधी कळविलेली असली म्हणजे कोणाचाही पाणउतारा होत नाही.

याचा अर्थ घरच्यांनी दूर राहावे असा नाही. तांड्यावरच्या शाळांत कित्येक मुलांच्या आज्या आरसे व कवड्यांचे काम जाणतात. आरसा नुसता चिकटत नाही. प्रथम त्यावर आडवेउभे दोरे टाकून चौकट बांधावी लागते आणि त्या चौकटीत टाके गुंतवीत भोवताल भरावा लागतो. हे आजीने वर्गात बसून शिकवावे. तिने आपल्या कापडावर भरावे, मुलाने आपल्या. प्रवेशपत्रावर नाव, इयत्ता, लागलेले दिवस यांबरोबर 'आरसा बसविणे आजीकडून शिकलो' असे मुलाच्या अक्षरात लिहवून घ्यावे.

पाठविण्यापूर्वी दोऱ्याचा रंग सुटतो का, हे पाहावे. लाल व काळा विशेष. ओल्या पांढऱ्या चिंधीत दोरा दाबला की समजते. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून करावी. कापड पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू नये, काचेच्या चौकटीतही बसवू नये. चार कोपऱ्यांस धावदोऱ्याने टाचावे, म्हणजे परीक्षकांस ते उलटून पाहता येईल. निकालानंतर वस्तू कपाटात किंवा कार्यालयाच्या भिंतीवर अडकून राहू नये. ती ज्याची त्यास आठ दिवसांत परत द्यावी आणि पहिल्या आठवड्यातील मांजरपाटाचा चौकोनही त्याबरोबर द्यावा.