बोर्ड दिसला नाही, तरी चलान आलं. दाद कुठे मागायची?

प्रश्न : खरेदीसाठी गुलमंडीवर गेले होते. दुकानासमोर स्कूटी लावली आणि परत येईपर्यंत ती उचलून नेलेली. आसपास ‘नो पार्किंग’चा बोर्ड नव्हता. टोइंगचे पैसे भरून गाडी सोडवली. ५०० रुपयांचं ई-चलान अजून भरलेलं नाही. सगळे म्हणतात, भरून टाक, कोर्टाच्या भानगडीत कशाला पडतेस? मला मात्र हे पटत नाही. मी काय करू शकते?
— एक वाचक, औरंगपुरा

उत्तर : तुम्ही अजून दंड भरलेला नाही, हे चांगलं झालं. चलान ही शिक्षा नसते. तुमच्यावरचा आरोप आणि तो पैसे भरून मिटवण्याची मुभा, एवढाच त्याचा अर्थ. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे रक्कम भरली की तडजोड झाली आणि प्रकरण संपलं. मग तक्रारीला फारशी जागा उरत नाही. रक्कम भरली नाही आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर आरोप सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर येते. दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे, चलान फाडणाऱ्याचा नाही.

पण आधी स्वतःलाच एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा : गाडीमुळे कुणाचा रस्ता अडला होता का? बोर्ड असो वा नसो, सार्वजनिक जागी अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी लावायला कलम १२२ मनाई करतं. फुटपाथ, बसथांबा, चौकाचा कोपरा, झेब्रा क्रॉसिंग, दुसऱ्याचं फाटक इथे बोर्डाची वाट पाहायची नसते. गुलमंडीसारख्या दाटीच्या पेठेत एका आडव्या स्कूटीने रुग्णवाहिका अडू शकते. तसं झालं असेल, तर दंड भरणंच योग्य.

गाडी कडेला नीट लावलेली होती आणि आरोप फक्त ‘नो पार्किंग’चा असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. एखाद्या जागी गाडी लावायला बंदी करायची तर ती कायदेशीर अधिकारातून आणि लोकांना दिसेल अशा चिन्हाने जाहीर व्हायला हवी. बोर्ड झाडाआड गेला असेल, पुसला असेल किंवा मुळात नसेलच, तर हे न्यायालयासमोर जरूर मांडा.

टोइंगलाही नियम आहेत. कलम १२७ नुसार पार्किंगला कायदेशीर बंदी असलेल्या जागेवरची गाडी उचलायची तर हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगच्या गाडीवरची मुलं स्वतःच्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत. टोइंगचा खर्च मालकाकडून घेता येतो, पण त्याची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. त्या जागेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बोर्ड नाही हे त्यात दिसू द्या. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर चलान उघडून फोटो, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर ताडून बघा. तिथेच तक्रार नोंदवा आणि पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

तरीही प्रकरण न्यायालयात गेलं, तर समन्स आल्यावर हजर राहा, टाळू नका. स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडता येतं आणि साक्षीदार पोलिसाला प्रश्न विचारता येतात. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने ६ महिन्यांत घ्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). उशिराचं समाधानकारक कारण दिलं, तर न्यायालय ही मुदत वाढवू शकतं. त्यामुळे जुनं चलान आपोआप रद्द होतं असं समजू नका, पण तारखा मात्र तपासा.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. लोकअदालतीची नोटीस आली, तर एवढं लक्षात ठेवा : तिथे साक्षीपुरावे होत नाहीत, दोघांच्या संमतीने तडजोड होते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. दंड मान्य असेल तर तिथे जाणं सोयीचं. आरोपच मान्य नसेल, तर तडजोडीला नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे.

५०० रुपयांसाठी एवढा खटाटोप करावा का? माझ्या मते करावा. लोक गुपचूप पैसे भरत राहिले, तर बोर्ड नसलेली जागा तशीच राहते आणि उद्या तिथून दुसऱ्या कुणाची तरी गाडी उचलली जाते. म्हणून तक्रारीची एक प्रत महापालिकेलाही द्या आणि त्या जागी स्पष्ट बोर्ड व पार्किंगचे पट्टे मागा.